फुटीचा नुसता सराव बघायला कोणी जातं का?

शेवंती

ऑस्ट्रेलियात राहून फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आवडीने बघणाऱ्या मंडळींना विचारायचं होतं. मॅच सोडून नुसता सराव बघायला तुमच्यापैकी कोणी जातं का? गेलात तर तिथे काय बघता?

मी वेस्टर्न बुलडॉग्जवाली. नर्स आहे, रात्रपाळ्या असतात, त्यामुळे लोक कामाला निघतात तेव्हा मी घरी परतत असते. व्हिटन ओव्हल, म्हणजे आमच्या क्लबचं सरावाचं मैदान, माझ्या वाटेवर आहे. एखादा सराव खुला असल्याचं क्लबने जाहीर केलं असेल तर मी थेट कुंपणाशी जाऊन उभी राहते. तिकीट नाही, रांग नाही. लाल-पांढऱ्या-निळ्या मफलरीतल्या आज्या, बाबागाडी घेऊन आलेल्या आया आणि कायम एकाच जागी टेकून उभे असणारे चार-दोन म्हातारे.

माझं मत असं झालंय की हा खेळ मला कळला तो सरावात. मॅचला मैदानात छत्तीस खेळाडू, मैदानाची लांबी दीडशे मीटरच्या आसपास, आणि आपली नजर बॉलच्या मागे. बाकी सगळं निसटतं.

एक उदाहरण देते. त्या दिवशी बॉल-अपचा सराव चालला होता. कोच बॉल वर उडवणार, दोन्हीकडचे उंच रक झेपावून तो ढकलणार आणि खाली मधल्या फळीतले खेळाडू तो उचलणार. मॅचमध्ये हे दोन सेकंदांत उरकतं. इथे तेच परत परत चाललं होतं, म्हणून मी एकाच माणसावर नजर ठेवली. त्याला बॉल एकदाही मिळाला नाही. तो दर वेळी अर्धं पाऊल आधी सरकायचा आणि हात न लावता, नुसता खांदा आणि कंबर मध्ये घालून समोरच्याची वाट अडवायचा. त्याचा जोडीदार तेवढ्यात बॉल घेऊन मोकळा. कोचने शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि शाबासकी दिली ती ह्या अडवणाऱ्याला. त्या शनिवारी टीव्हीवर मी पूर्ण मॅचभर त्यालाच शोधत होते, आणि मला निराळीच मॅच दिसली.

दुसरं म्हणजे जखमी खेळाडू. मुख्य घोळका मध्ये खेळत असतो आणि पलीकडच्या कडेने एखादा जण फिजिओबरोबर एकटा धावत असतो. धावायचं, थांबायचं, फिजिओने घड्याळ बघायचं, परत धावायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सरळ धावणं लवकर जमतं, वळणं जमायला फार वेळ लागतो. पेशामुळे असेल, पण माझे डोळे तिकडेच जातात.

आमच्या घरातून, म्हणजे नवऱ्याकडून, विरोधी मत असं आहे की ज्यात हारजीत नाही ते काय बघायचं. तुम्हाला काय वाटतं?

बेरकी_बाळू

पहिला!

भावजींशी सहमत आहे असं लिहून ह्या धाग्यावर मार खायची इच्छा नाही. बाकी आम्ही ब्रिस्बेन लायन्सवाले. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन कप. सराव आमच्याकडे स्प्रिंगफील्डला असतो, आणि तो बघायला तुमच्या क्लबांनीही माणसं पाठवावीत असं सुचवतो.

दादरचा_कट्टा

ताई, मला पटलं नाही. लिहिलंय छान, पण पटलं नाही.

सरावाला पणाला काही लागलेलं नसतं. मी लहानपणी शिवाजी पार्कला नेट्स बघत तासन्‌तास उभा राहिलोय, पण तिथे आपल्या गल्लीतला पोरगा बॅटिंग करत असायचा. इथे व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये ती जीपीएसची डबी असते, कोणी किती धावायचं ते आधीच ठरलेलं असतं. मॅचच्या आदल्या दिवशीचा कॅप्टन्स रन तर नुसता हातपाय मोकळे करण्यासाठी. पाऊण तासात संपतो आणि त्यात डावपेचांचं काही दाखवत नाहीत. जे बघण्यासारखं असतं ते दार लावून करतात. आपल्या वाट्याला येतो तो दिखाऊ भाग.

मी आपला एमसीजीला उभा राहून ओरडणारा माणूस. नव्वद हजार लोक एका सेकंदाला श्वास रोखतात ते सरावात कुठून आणणार?

टायगर_तात्या

कट्टा, तू २०१७ च्या ग्रँड फायनलच्या आठवड्यात पंट रोडला नव्हतास म्हणून असं म्हणतोस!

रिचमंडने १९८० नंतर कप बघितला नव्हता. सदतीस वर्षं. पंट रोड ओव्हल म्हणजे आमचं जुनं घर. १९०८ ते १९६४ आमचे घरचे सामने तिथेच व्हायचे, मग एमसीजीवर गेलो, पण सराव तिथेच राहिला. रिचमंड स्टेशनवर उतरून चालत पाच-सात मिनिटं. त्या आठवड्यात ते छोटं मैदान काठोकाठ भरलं होतं. खेळाडू नुसते वॉर्मअपला आले तर लोक रडत होते. शाळेच्या गणवेशातली पोरं, हेल्मेट काखेत घेतलेले बांधकामावरचे कामगार. कोणाला बॉल दिसत नव्हता आणि कोणाला फिकीर नव्हती.

आणि डस्टिन मार्टिन. तीन ग्रँड फायनलमध्ये तीन नॉर्म स्मिथ मेडल (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं), २०१७, २०१९, २०२०. असं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. तो माणूस आमच्यापासून दहा हातांवर उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. एमसीजीच्या वरच्या मजल्यावरून हे दिसतं का, सांग!

सोनचाफा

शेवंतीताई, धागा योग्य वेळी काढलास.

आम्ही पॉइंट कुकला. मुलगा ऑसकिकमधून, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गातून, आता ज्युनियर संघात गेलाय. ऑसकिकमध्ये टॅकल नसतो, तेव्हा मी निवांत होते. आता खरे टॅकल सुरू झालेत आणि दर रविवारी माझा जीव टांगणीला. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघतात आणि विचारतात, ह्याला बॅडमिंटनला का नाही घातलं?

मी त्याला एकदा क्लबच्या खुल्या सरावाला घेऊन गेले. त्याच्यासाठी म्हणून गेले, पण उपयोग मलाच झाला. एक कोच तरुण खेळाडूंना टॅकल शिकवत होता. पकडल्यावर समोरच्याचे दोन्ही हात जखडून त्याला फिरवून आपटायचं नाही, स्वतः बाजूला वळून गुडघ्यावर बसत त्याला खाली आणायचं. आधी चालत चालत, मग हळू पळत, मग वेगात. मुलगा कुंपणाबाहेर गवतावर तेच करून बघत होता. एवढी मोठी माणसंही हे पायरीपायरीने शिकतात हे बघून मला जरा धीर आला.

पण डोक्याच्या माराची भीती जात नाही. तू नर्स आहेस म्हणून विचारते. हेल्मेट घालावं का?

बेरकी_बाळू

फुटीबद्दल मला सर्वात जास्त काय आवडतं सांगू? नेम चुकून बॉल बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण देतात. आमच्या गणिताच्या मास्तरांना हा खेळ कोणीतरी दाखवायला हवा होता.

शेवंती

@सोनचाफा, मऊ हेल्मेटने कान आणि कातडी वाचते, खोक पडत नाही. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, त्याने टळतं असं मात्र नाही, कारण मेंदू आत हलतो, तो बाहेरच्या आवरणाने कसा थांबणार? त्यामुळे हेल्मेट आहे म्हणून मुलगा जास्त बेधडक घुसत असेल तर उलट लक्ष ठेव. खरी गोष्ट म्हणजे मार लागल्याचा संशय आला की त्या दिवशी परत मैदानात नाही, मग कोच काहीही म्हणो. मोठ्यांच्या एएफएलमध्ये, म्हणजे मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, कन्कशन ठरलं की किमान १२ दिवस सामना नाही. क्लब पातळीवर आणि मुलांना किमान २१ दिवस. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, झोपेत बदल, ह्यातलं काही दिसलं तर डॉक्टर. मुलं संघातली जागा जाईल म्हणून लपवतात. त्याला घरी आधीच सांगून ठेव की सांगितलंस तर कोणी रागावणार नाही.

@कट्टा, "पणाला काही लागलेलं नसतं" ह्याला माझं उत्तर आहे बॉब मर्फी.

२०१६. मर्फी आमचा कर्णधार. मोसमाच्या सुरुवातीलाच त्याचा गुडघा गेला आणि वर्ष संपलं. इतकी वर्षं क्लबसाठी खेळला आणि नेमकं त्याच वर्षी, सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये शिरून, एकेक मॅच जिंकत आम्ही ग्रँड फायनल गाठली. सिडनीला २२ गुणांनी हरवलं. १९५४ नंतरचा पहिला कप. मर्फी मैदानाबाहेर. तेव्हा कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावलं आणि प्रशिक्षकाला मिळणारं स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. मी ते आजही नीट बघू शकत नाही. कडेने एकटा धावणारा माणूस दिसला की मला मर्फी आठवतो. त्याचं सगळं पणाला लागलेलं असतं, आणि त्याच्यासाठी ओरडायला कोणी नसतं.

टायगर_तात्या

मी रिचमंडचा, पण ह्या गोष्टीला उभा राहून टाळ्या.

चौथा_अंपायर

सिडनीहून. इथे स्वॅन्सचं ठिकाण मूर पार्कला, क्रिकेट ग्राउंडच्या शेजारीच.

थोडं अवांतर, पण सरावाशी नातं आहे. ह्या खेळाचा जन्मच मुळी सरावासाठी झालाय. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू. त्याने १८५८ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगाला गंज चढू नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. सुरुवातीचे सामने एमसीजीच्या बाहेरच्या बागेत, झाडांच्या मधून व्हायचे. नंतर खेळ क्रिकेटच्या मैदानांवर गेला, म्हणून फुटीचं मैदान लंबगोल, आणि म्हणूनच आजही त्याचं ठरलेलं एकच माप नाही. लांबी १३५ ते १८५ मीटरमध्ये काहीही.

म्हणजे आपण मराठी माणसं क्रिकेट सोडून फुटीकडे गेलो असं कोणी म्हटलं तर सांगायचं, क्रिकेटच्याच घरात आहोत, मागच्या अंगणात.

विल्सने पुढे १८६६-६७ मध्ये आदिवासी खेळाडूंच्या क्रिकेट संघालाही शिकवलं. आदिवासींचा मार्नग्रूक हा बॉल उंच उडवून झेलण्याचा खेळ फुटीच्या मुळाशी आहे का, यावर इथले इतिहासकार अजून भांडतात. मला विचाराल तर कोणीही एकदा एखादा उंच मार्क, म्हणजे किक केलेल्या बॉलचा हवेतला झेल, जवळून बघावा आणि मग भांडावं.

अण्णा_पर्थ

शेवंतीबाईंचा मूळ प्रश्न होता, सरावात काय बघायचं. त्यावर लिहितो, कारण आत्तापर्यंत कोणी किकबद्दल काहीच बोललेलं नाही आणि माझ्या मते निम्मा खेळ तिथे आहे.

मी वेस्ट कोस्ट ईगल्सचा. आमचा सराव लॅथलेनला. उन्हाळ्यात मोसमापूर्वीचा सराव असतो तेव्हा पर्थच्या उन्हामुळे सकाळी लवकर सुरू करतात. गोलच्या मागच्या कुंपणाशी उभं राहायचं. एक खेळाडू निवडायचा आणि त्याचा हात बघायचा, पाय नाही.

ड्रॉप पंट म्हणतात ती साधी किक. बॉल उभा धरलेला, शिवण पुढे, दोन्ही हातांची बोटं बाजूंवर. धावत येताना बॉल मारायच्या पायाच्या मांडीवर असतो, पोटासमोर नाही. शेवटच्या पावलाला एक हात सुटतो आणि दुसरा बॉलला खाली नेऊन सोडतो. सोडतो म्हणजे टाकत नाही. फेकला तर तो हवेत कलतो आणि संपलंच. नीट सुटलेला बॉल टोक खाली ठेवूनच उतरतो, बूट त्या खालच्या टोकाला लागतो आणि बॉल उलटा, मागच्या बाजूला गिरक्या घेत जातो. म्हणून तो झेलणाऱ्याच्या हातात मऊ पडतो. वारा असेल तर हातातून सुटण्याची उंची कमी करतात, चेंडू हवेत जितका कमी वेळ तितकं बरं. हे टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा लगेच बॉलबरोबर जातो.

आता आवाज. नीट बसलेल्या किकला जाड, बुटका आवाज येतो. चुकलेलीला पसरट. डोळे मिटून उभा राहिलात तरी किक गेली कुठे ते अंदाजाने सांगता येतं. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ असतात, दृष्टी बरीच अधू झालीय त्यांची. ते आवाजावरून सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

आणि कट्टा, तुमच्या मुद्द्यावर. आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो बाद करेल त्याचं, आणि नाबाद राहिला तर सचिनचं. नाणं ठेवलं की सरावालाही धार येते हे तुम्हा दादरकरांना मी काय सांगणार? इथे सराव संपल्यावर खेळाडू गोलवर किका मारत थांबतात. कडेच्या रेषेजवळून, अवघड कोनातून, चुकेल तो बाद. कोणी सांगितलेलं नसतं. त्यात जी ईर्षा असते ती बघा एकदा.

दादरचा_कट्टा

अण्णा, सरांचं नाव घेतलंत, आता मी आवाज चढवून बोलू शकत नाही.

तरी माझा मुद्दा थोडा बाजूला राहिला. क्लब सराव बंद करतात ह्याबद्दल इथे नाराजीचा सूर दिसतोय. मला त्यात गैर वाटत नाही. प्रतिस्पर्ध्यांची माणसं बघतात, प्रत्येक हातात फोन आहे, कोणाचा पाय दुखतोय हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं आणि पैजा लावणारे टपलेलेच असतात. तरुण मुलं आहेत ती. त्यांना चुका करायला एक जागा हवी, जिथे कोणी बघत नाही. तुमच्या ड्युटीच्या वेळी बाहेर कुंपणाला लोक टेकून उभे राहिलेले चालतील का शेवंतीताई?

शेवंती

नाही चालणार, मान्य. पण माझा पेशा लोकांच्या वर्गणीवर उभा नाही.

१९८९ मध्ये आमचा क्लब जवळजवळ मिटला होता. लीगने फुटस्क्रे (बुलडॉग्जचं तेव्हाचं नाव) आणि फिट्झरॉय ह्यांचं विलीनीकरण जाहीरही करून टाकलं होतं. तेव्हा पीटर गॉर्डन आणि आयरीन चॅटफील्ड, एक वकील आणि एक सामान्य चाहती, कोर्टात गेले. लोकांनी दारोदारी डबे फिरवून दहा लाख डॉलरवर रक्कम उभी केली. पश्चिमेकडचे कारखान्यांतले लोक, ज्यांच्याकडे स्वतःलाच कमी होतं. क्लब वाचला. फिट्झरॉयला तसं जमलं नाही, १९९६ नंतर ते ब्रिस्बेनमध्ये मिसळले. कायम एकाच जागी टेकून उभे असणारे जे म्हातारे मी वर लिहिले, त्यांतल्या एकाने तेव्हा डबा फिरवलाय. त्याच्यापुढे दार लावायचं?

रोज उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. डावपेचांचा सराव बंद दाराआड करा. पण आठवड्यातून एकदा तरी कुंपणाशी येऊ द्या.

टायगर_तात्या

+१. ह्यापलीकडे बोलण्यासारखं काही नाही.

बेरकी_बाळू

फिट्झरॉय आमच्यात मिसळले म्हणून सांगतो, आमच्या जर्सीवरचा सिंह त्यांचाच. मेलबर्नला मॅच असली की म्हातारे फिट्झरॉयवाले अजून येतात आणि त्यांना आमच्यातला प्रत्येक जण जागा करून देतो. ही गोष्ट मी चेष्टेत बोलत नाही.

जुना_व्हिक्टोरियन

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी ऐंशीच्या दशकात आलो. तेव्हा मेलबर्नमध्ये मराठी कुटुंबं बोटांवर मोजण्याइतकी. मूनी पाँड्सला राहायचो, कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. फोरमन एसेंडनचा, म्हणून मी एसेंडनचा. केव्हिन शीडी कोच, १९८४ आणि १९८५ लागोपाठ कप, त्यामुळे निवड फळली.

तेव्हा सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असायचा. का, तर खेळाडू दिवसा नोकऱ्या करायचे. कोणी शिक्षक, कोणी प्लंबर, कोणी पोलीस. साडेपाचच्या सुमाराला विंडी हिलवर एकेक गाडी येऊन लागायची, कामाच्या कपड्यांतला माणूस उतरायचा, डिकीतून पिशवी काढायचा. हिवाळ्यात तोवर अंधार. आजच्या मानाने दिवे मिणमिणते, मध्ये चिखल. गोलमागे आम्ही उभे, आणि बॉल कुंपणाबाहेर आला की पोरांची झुंबड. एखाद्या पोराने बरा किक करून परत पाठवला की आतला खेळाडू अंगठा दाखवायचा. त्या पोराला आठवडाभर पुरायचं ते. गुरुवारी रात्री संघ जाहीर व्हायचा, म्हणून गुरुवारी गर्दी जास्त.

माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं. कामावर लोक माझ्याशी कामापुरतं बोलायचे. विंडी हिलच्या कुंपणाशी मात्र शेजारचा अनोळखी माणूस कोपराने ढोसून विचारायचा, हा पोरगा शनिवारी खेळेल असं वाटतं का तुला? माझं मत विचारणारा ह्या देशातला तो पहिला माणूस. सरावाला हारजीत नसते म्हणूनच बोलायला वेळ असतो. मॅचमध्ये कोण कोणाशी बोलतं?

एसेंडनचे सामने १९९२ पासून एमसीजीवर गेले आणि सराव २०१३ मध्ये विमानतळाजवळ टलामरीनला. सोयी उत्तम आहेत. नातवाला घेऊन जातो कधी खुला असेल तेव्हा. पण पायी जाता येत नाही, ते राहून गेलं.

सोनचाफा

काका, किती सुंदर. ह्यावर वेगळा धागा काढाच.

रेघोट्या

काकांनी लिहिलेलं "दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव" संपलेलं नाही बरं का. बायकांच्या फुटीत ते आजही चालू आहे.

मी पश्चिम मेलबर्नमध्ये एका स्थानिक महिला संघात खेळते. कोल्हापूरची आहे, शाळेत कबड्डी खेळायचे, टॅकल अंगात होता, किक शिकावी लागली. एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची एएफएल, २०१७ ला सुरू झालं. पहिली मॅच, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, प्रिन्सेस पार्कला २४,५६८ लोक आणि दारं बंद करावी लागली, बाहेर अजून लोक उभे. त्या लीगमधल्या कितीतरी जणी आत्ताही नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. म्हणून त्यांचे सराव बरेचदा संध्याकाळी, आणि मोसमापूर्वीची तयारी ऐन हिवाळ्यात. शेवंतीताई, तुमच्याच बुलडॉग्जच्या मुलींनी २०१८ चा कप जिंकलाय, ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून. त्यांचा सराव बघायला गेलात का कधी? नसाल तर जा. सराव संपल्यावर त्या कुंपणाशी येऊन थांबतात, लहान मुलींशी बोलतात, बॉल कसा धरायचा ते बोटं धरून दाखवतात. मी ड्रॉप पंट तशीच शिकले. अण्णांनी जे मांडीवर धरायचं म्हटलंय ना, ते मला एका खेळाडूने माझं मनगट धरून दोन इंच उजवीकडे नेऊन दाखवलं. त्या दोन इंचांनी माझी किक सुधारली.

चौथा_अंपायर

कबड्डी ते फुटी! ह्या दिशेने कोणीतरी पुढे जायला हवं. भारताचा संघ २००८ पासून फुटीच्या आंतरराष्ट्रीय कपमध्ये खेळलाय. आणि मोठेपणी खेळ शिकणाऱ्यांना संधी नसते असंही नाही. कॉलिंगवूडच्या २०२३ च्या विजेत्या संघातला मेसन कॉक्स अमेरिकेचा, आधी बास्केटबॉलपटू. जिम स्टाइन्स आयर्लंडहून आला आणि त्याने १९९१ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, घेतलं.

उंबरठा

नमस्कार. नांदेडहून शिकायला आलोय, फुटस्क्रेला राहतो. सगळा धागा वाचला. मॅचचं तिकीट काढण्याआधी सराव बघितला तर चालेल का? नियम अजून नीट माहीत नाहीत. आणि संघ कोणता धरावा?

टायगर_तात्या

रिचमंड.

बेरकी_बाळू

लायन्स. आत्ताच सांगतो, नंतर पस्तावशील.

जुना_व्हिक्टोरियन

एसेंडनला तरुण रक्ताची गरज आहे.

दादरचा_कट्टा

बाळा, ह्यांचं ऐकू नकोस. आधी एमसीजीला एक मॅच बघ, जो संघ हरताना तुला वाईट वाटेल तो तुझा.

शेवंती

@उंबरठा, फुटस्क्रेला राहतोस आणि संघ कोणता विचारतोस? वेस्ट फुटस्क्रे स्टेशनवरून चालत ये. टेड व्हिटनचा पुतळा दिसला की पोहोचलास. ३२१ मॅच खेळलाय तो फुटस्क्रेसाठी, मैदानाला नाव त्याचंच. शुक्रवारचा कॅप्टन्स रन खुला आहे. येण्याआधी क्लबच्या पानावर वेळ परत तपास, बदलते. जाकीट आण, त्या मैदानावरचा वारा प्रसिद्ध आहे. नियम माहीत नसले तरी अडत नाही, कुंपणाशी कोणालाही विचार.

उंबरठा

जाऊन आलो!

पाऊण तासातच आटोपलं, कट्टाकाका म्हणाले तसं. पण अण्णांनी सांगितल्याप्रमाणे गोलच्या मागे उभा राहिलो आणि हात बघत होतो. डाव्या पायाचे खेळाडू बॉल डाव्या मांडीवर धरतात हे लगेच दिसलं. मग आवाजही ऐकू आला, तो जाड आणि पसरट फरक खरंच आहे.

एकाने घेतलेला उंच मार्क बघितला. कोच हातात गादीसारखी पिशवी घेऊन हवेत असतानाच त्याला ढकलत होता, तरी त्याने बॉल सोडला नाही. गुडघा जवळजवळ दुसऱ्याच्या खांद्यावर, आमच्याकडच्या दहीहंडीच्या वरच्या थरासारखा. एक बॉल कुंपण ओलांडून माझ्या पायाशी आला. पहिल्यांदाच हातात घेतला. चामडं दवाने ओलं होतं, चार तुकडे शिवलेले, आणि नाडीची शिवण बोटांना टोचेल इतकी घट्ट. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी जर्सी घालून उभी होती, तिच्याकडे दिला. तिने तो असा काही मारला की आतल्या खेळाडूला जागेवरून हलावं लागलं नाही.

शेवंतीताई, पलीकडच्या कडेला तो एकटा धावणारा आजही होता. तुम्ही सांगितलं होतं म्हणून बघितलं. वळताना थोडा थांबतोय.

आता दोन प्रश्न. बॉल विकत घ्यायचा आहे, किती नंबरचा घेऊ? आणि आपल्यापैकी कोणी नुसतं किक-टू-किक खेळायला भेटतं का?

रेघोट्या

पुरुषांचा पाच नंबर, आमचा चार. शिकताना चार घे, हातात नीट बसतो. इतक्यात घेऊ नकोस, माझ्याकडे एक जुना पडून आहे, तो वापर. आम्ही तिघी-चौघी रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानावर भेटतो, निरोप पाठव, पत्ता देते.

सोनचाफा

मी मुलाला घेऊन आले तर चालेल का? त्याचा स्वतःचा बॉल आहे. पोहे करून आणते.

रेघोट्या

चालेल म्हणजे काय! नऊ वाजता. पाऊस असला तरी.